वरच्या गल्लीचे पूरग्रस्त

पूर आला म्हणून घर सोडणारी माणसं आमच्या कोल्हापुरात हवी तेवढी सापडतील. पण पूर यायच्या आधीच घर सोडून, ट्रंकेवर बसून पाण्याची वाट बघणारा माणूस पंचगंगेच्या अख्ख्या खोऱ्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. नातं तसं लांबचं. माझ्या धाकट्या मेहुण्याचे ते सासरे. आमच्याकडं रस्त्यात वाट विचारणाऱ्यालाही ‘पावणं’ म्हणायची रीत, त्यात हे तर खरेखुरे पाहुणे. त्यामुळं मी, माझी बायको, शाळेचा शिपाई आणि पुढंपुढं सगळी शाळाच त्यांना पावणं म्हणायला लागली. मी शहरातल्या चढावरच्या एका शाळेचा मुख्याध्यापक. नदी धोक्याच्या खुणेकडं सरकायला लागली की आमच्या शाळेचं निवारा केंद्र होतं आणि माझा केंद्रप्रमुख होतो. काल ज्या तोंडानं पाढे म्हणून घ्यायचे, त्याच तोंडानं आज खिचडी पुरेल का ते विचारत हिंडायचं. नदीकाठच्या एका ठरावीक गावची माणसं दर पुराला आमच्याकडं येतात. पावणेही त्याच गावचे. गावची माणसं पाणी उंबऱ्याला लागलं की यायची. पावणे मात्र दोन दिवस आधीच, सकाळच्या एस.टी.नं, ट्रंक, वळकटी आणि स्वतःचा केरसुणीचा फडा घेऊन यायचे, चौथी ब चा वर्ग स्वतः झाडून घ्यायचे आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून मला विचारायचे, “सर, बंधाऱ्यावर किती फूट हाय आता?”

यात मोठी गंमत अशी की पावण्यांच्या घराला पाणी कधी लागलंच नाही. त्यांचं घर वरच्या गल्लीत, गावातल्या सगळ्यात उंच जागी. त्या घरात पाणी शिरायचं तर आधी देवळाचा कळस बुडायला पाहिजे. त्यामुळं पूर आला की ज्यांना शाळेपर्यंत यायचं नसे ती म्हातारीकोतारी माणसं पावण्यांच्या घरात आसऱ्याला जात. एका पुरात तिथं अकरा माणसं होती. म्हणजे पूरग्रस्त सगळे पावण्यांच्या घरात, पावण्यांच्या गादीवर, पावण्यांचा टीव्ही बघत बसलेले आणि घरमालक माझ्या शाळेत फरशीवर. शिवाय केंद्राचं अन्न खाणं म्हणजे खोटेपणा, असं पावण्यांचं मत. मग ती अकरा पूरग्रस्त माणसं रोज पावण्यांसाठी भाकरी-आमटीचा डबा करून ट्रॅक्टरमधून शाळेत पाठवायची. तलाठ्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं की या गृहस्थांची नोंद नेमकी कुठल्या रकान्यात करायची. मी म्हटलं, रकाना रिकामा सोडा, पुढच्या पुरात बघू.

पावणे इथं येऊन करायचे काय, तर कादंबरी लिहायचे. कादंबरीचं नाव ‘प्रीतीचा निर्वासित’. पूरग्रस्त हा शब्द त्यांना चालत नसे. पूरग्रस्ताला आठ दिवसांनी घर असतंय, निर्वासिताला पाठीमागं कायबी नसतंय, असं ते म्हणायचे. आपली कादंबरी जगातल्या तमाम घर सुटलेल्या माणसांची आहे, आपलं गाव हे निमित्त, असंही ते मोठ्या गांभीर्यानं सांगायचे. जन्मभर त्यांनी एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात स्लिप बॉय म्हणून नोकरी केली. कुणाच्या उसाची लागण कुठल्या तारखेची, कुणाला तोड आधी द्यायची, याच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांच्या हातात ठेवायच्या, हे काम. आमच्या भागात त्या पदाचं नावच तसं आहे, त्यामुळं डोक्यावरचे केस पांढरे होऊन, तीन नातवंडांचे आजोबा होऊन ते अठ्ठावन्नाव्या वर्षी स्लिप ‘बॉय’ म्हणूनच निवृत्त झाले. कादंबरीतही त्यांनी तीच शिस्त ठेवली. पहिल्या भागाचं नाव ‘लागण’. नायकाला नायिका दिसल्यापासून चौदा महिने तो तिच्याशी एक शब्द बोलत नाही, कारण त्याआधी तोड घेतली तर साखरेचा उतारा पडत नाही. दुसऱ्या भागाचं नाव ‘खोडवा’. ऊस तोडून नेल्यावर राहिलेल्या बुडख्याला पुन्हा फुटवे येतात आणि त्यावर आणखी एक पीक निघतं, त्याला खोडवा म्हणतात. पावण्यांची बायको जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. मी काही विचारलं नाही.

आता विचारायचं कशाला, सगळ्या केंद्राला माहीत होतं. पावणे पहिल्यांदा शाळेत आले ते निर्वासित म्हणून नव्हेच. एका मोठ्या पुरात शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला ट्रॅक्टरमधून सोडायला आलेले. म्हाताऱ्याला चौथी ब मध्ये झोपवून परत निघाले, तर दारात एक बाई बसल्या होत्या. खालच्या गल्लीतल्या, निवृत्त अंगणवाडी सेविका. त्यांचाही जोडीदार गेलेला, घरात एक मुलगा, सून. गावात त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. बाईंनी वर न बघता लसणाची परडी पावण्यांच्या पुढं सरकवली आणि रिकामं का हुबारलाय, सोला, असं सांगितलं. पावणे बसले. ट्रॅक्टर गेला. पाणी ओसरून सगळं गाव परत गेलं तेव्हा पावणेही गेले, पण ते लसूण सोलणं त्यांनी मनातून काही खाली ठेवलं नाही. गावात वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यात दीडशे पावलांचं अंतर. पण वरच्या गल्लीतल्या विधुर माणसानं खालच्या गल्लीतल्या बाईंच्या दारात कुठलं कारण काढून जायचं? दूध घालायला जावं तर त्यांच्याच घरी म्हैस. निवडणुकीत मतं मागायला जावं तर पावण्यांना उभं कोण करणार? शाळेत मात्र गल्ल्या नसतात. सगळे चौथी ब.

दुसऱ्या पुराला पावणे पहिलं प्रकरण घेऊन आले. संध्याकाळी पाचला, चहा झाल्यावर, फळ्याजवळ उभं राहून त्यांनी ते वर्गाला वाचून दाखवलं. त्यात घोंगावणारं पाणी होतं, होडी होती आणि होडीत एकच पत्र छातीशी धरून बसलेली ‘ती’ होती. नायिकेला नाव नव्हतं, कारण जे नाव ठेवावं त्या नावाच्या केंद्रात दोन-तीन बायका निघायच्या. पण तिचा चष्मा दोरीनं गळ्यात लटकत होता, बोलताना तिची बोटं खडू धरल्यासारखी हलत होती आणि ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना गाणी शिकवत आली होती. सगळा वर्ग हळूच मागच्या भिंतीकडं बघायला लागला. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, “म्हस कुठं सोडली?”

पावण्यांनी कुणाची म्हैस म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, तिची. नदीकाठच्या गावात ऱ्हात्या म्हणताय, घर सोडून निघाली म्हणताय, आणि दावणीला म्हस न्हाई? आणि असली तर ती बुडत असताना ही पत्र घिऊन होडीत बसली? असल्या बाईवर प्रेम कोण करंल? वर्गातल्या एकूण एक माणसानं माना डोलावल्या. आमच्याकडं बोट दारात येऊन उभी राहिली तरी माणसं म्हैस आधी हलवल्याशिवाय पाय उचलत नाहीत. तिथं प्रेमपत्राचा काय पाड. पावण्यांनी त्याच संध्याकाळी प्रकरण फाडलं. नव्या प्रकरणात म्हैस आली, तिला शेजारच्याच्या स्लॅबवर चढवण्यात नायकाचा हात मोडला, आणि हे सगळं श्रोत्यांना इतकं आवडलं की पुढच्या चार दिवसांत म्हशीची चार प्रकरणं झाली. प्रेम जरा मागं पडलं. मधल्या गल्लीतल्या एका वृद्ध पैलवानांनी नायकाला एवढं ओझं उचलायचं तर खुराक काय देता म्हणून हरकत घेतल्यावर नायक रोज दोन लिटर दूध प्यायला लागला. त्यामुळं म्हैस अधिकच महत्त्वाची झाली.

तिसऱ्या पुराला बाईंनी विचारलं की घर सोडताना तिनं गॅसची टाकी माळ्यावर टाकली का, मेन स्विच बंद केला का, आणि रेशनकार्ड, आधार, सातबारा कशात गुंडाळून घेतला. मग त्यावर एक आख्खं प्रकरण. नायक पुरातून पोहत येतो, नायिकेचा हात धरतो, ती व्याकूळ नजरेनं त्याच्याकडं बघते आणि कागदपत्रांची यादी म्हणून दाखवते. मी भीत भीत म्हटलं की पावणं, हे आता परिपत्रकासारखं वाटायला लागलंय. पावण्यांना ते फारसं रुचलं नाही. पण पुढं पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी ते प्रकरण सहज चाळलं, झेरॉक्स काढली आणि नदीकाठच्या सहा गावांतल्या ग्रामपंचायतींना लावायला दिली. आज त्या गावांत ‘नायिकेचा उष्ण श्वास त्याच्या मानेला लागला, तत्पूर्वी तिने मेन स्विच बंद केला होता’ हे वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मराठीत एवढी वाचली गेलेली दुसरी कादंबरी माझ्या पाहण्यात नाही.

कोरड्या वर्षी पावण्यांचे हाल बघवत नसत. जुलै सरत आला आणि नदी पात्रातच राहिली की ते बंधाऱ्यावर जाऊन पाण्याच्या पट्टीकडं बघत बसायचे. पूर यावा असं कधी तोंडानं म्हणाले नाहीत. तसं गावात कुणी ऐकलं असतं तर पाठीचं सालटं काढलं असतं, आणि पावणे स्वतः भल्या मनाचे. कुणाचं चिमूटभर पीक गेलेलंही त्यांना सोसायचं नाही. फोनवर मला एवढंच म्हणायचे की पिकात नको, घरात नको, माणसाला जनावराला धक्का नको, नुस्तं शाळा भरण्यापुरतं यावं. एवढं मोजकं पाणी कुठली नदी देणार? वर घाटमाथ्यावर गगनबावड्याला पावसानं झोडपलं की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. एकदा तर ट्रंक घेऊन आले, आणि मागोमाग चक्क ऊन पडलं. पाच दिवस एकटेच चौथी ब मध्ये राहिले. मुलं दाराशी येऊन, सर, पूरग्रस्त आजोबा अजून हायत, असं मला सांगून जायची. मी वर्ग तात्पुरता व्हरांड्यात भरवला. कारण विचारणाऱ्या साहेबांना मी पूर येणार होता असं सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

मग खालच्या गल्लीच्या घरांना गावापासून लांबच्या माळावर प्लॉट मिळाले. गाव कितीतरी वर्षं त्यासाठी अर्ज करत होतं, मोर्चे काढत होतं. बाईंच्या मुलानं पहिल्या वर्षातच दोन खोल्या बांधल्या, पत्रा घातला, म्हशीला शेडही केली, आणि उन्हाळ्यात सगळी तिकडं राहायला गेली. माळावर पाणी चढायचं तर प्रलयच व्हायला पाहिजे. म्हणजे बाई आता कधीही शाळेत येणार नव्हत्या. वास्तुशांतीला पावणे गेले होते. सगळ्यांबरोबर पंगतीला बसले, बुंदी खाल्ली, मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि तिथून थेट एस.टी.नं माझ्याकडं आले. शाळेला सुट्टी होती. चौथी ब उघडून मागितली. खिडकीजवळ बसून म्हणाले की चांगलं झालं, लई चांगलं झालं, पोरांचं हाल संपलं. मग त्यांनी मला विचारलं की कादंबरी इथंच थांबवली तर चालेल का. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच कपाटातली हजेरीपत्रकं आवरायला लागलो.

त्या वर्षी पूर आला, आणि चांगला आला. पावणे वेळेवर हजर. खालच्या गल्लीतली माणसं नव्हतीच. मधल्या गल्लीतली आली, दुसऱ्या एका गावची आली. पावण्यांनी कुणाला काही वाचून दाखवलं नाही. डबा आला तसा परत जायला लागला. ते बाकावर बसून दाराकडं बघत राहायचे आणि कुणी विचारलं तर वारं कुठनं येतंय ते बघतोय म्हणायचे. तिसऱ्या दिवशी बाहेरगावची काही मंडळी टेम्पो भरून चादरी वाटायला आली. त्यांना एक फोटो हवा होता, आणि फोटोसाठी सगळ्यात दुःखी माणूस हवा होता. त्यांनी सगळे वर्ग पालथे घातले. ज्यांची घरं खरोखर बुडाली होती ती माणसं पत्ते खेळत होती, एकमेकांची टिंगल करत होती. मग ते चौथी ब च्या दारात आले आणि आम्हाला काही सांगायची संधी न देता त्यांनी पावण्यांच्या खांद्यावर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी पेपरात पावणे होते, आणि खाली छापलं होतं, ‘सर्वस्व गमावलेला वृद्ध’. त्यांच्या घरात राहिलेले पूरग्रस्त तो पेपर वाचून पोट धरधरून हसल्याचं ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं. मीही हसलो. पावणे चिडले नाहीत. म्हणाले, “सर, सर्वस्व म्हंजे काय घरच असतंय व्हय?”

त्याच दिवशी दुपारी बाई आल्या. माळावरच्या बायकांनी केंद्रासाठी भाकऱ्या थापल्या होत्या, त्या घेऊन टेम्पोतून आल्या. डोक्यावर भाकऱ्यांची बुट्टी, गळ्यात दोरीचा चष्मा, आणि काखेत घडी घातलेला पेपर. सरळ चौथी ब मध्ये गेल्या. मी मागोमाग. काही म्हणा, केंद्रप्रमुखाला सगळीकडं लक्ष ठेवावं लागतं.

“पेपरात फोटू बघितलो न् आलो,” बाई म्हणाल्या. “काय गेलं तुमचं?”

पावणे उठून उभे राहिले. परत बसले. परत उठले.

“वरच्या गल्लीला पाणी लागत न्हाई,” बाई म्हणाल्या. “हितकी वर्सं मी कधी इचारलं न्हाई. आज इचारतो. काय गेलं?”

वर्गात पंचवीस-तीस माणसं होती. एकानं पत्ते खाली ठेवले. पावण्यांनी ट्रंक उघडली, वही काढली आणि वाचायला लागले. शेवटचं प्रकरण त्यांनी लिहून आणलं होतं, हे मलाही माहीत नव्हतं. त्यात होडी नव्हती, म्हैसही नव्हती. नायिकेला उंच जागी घर मिळतं. नायक आनंदी होतो. ती जाते. मग तो दरवर्षी शाळेत येऊन बसतो आणि पाणी त्या उंच जागेपर्यंत चढायची वाट बघतो. ते चढत नाही, आणि चढू नये अशीच तो देवाकडं प्रार्थना करतो. आणि असा वाट बघत बघत तो म्हातारा होतो. संपलं. त्यांचा आवाज शेवटी अगदी लहान झाला होता. दोन बायका डोळे पुसत होत्या, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“ह्यो तुमचा हिरो खुळा हाय,” त्या म्हणाल्या. “पाणी चढायची वाट कशाला बघतंय ते? माळावर दिसातनं चार यष्ट्या येत्यात की.”

आधी पैलवान हसले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी चौथी ब हसायला लागली. पावणे मात्र हसले नाहीत. ते अगदी कामकाजी आवाजात, जन्मभर ऊसतोडीच्या तारखा नेमून देणाऱ्या माणसासारखे विचारायला लागले की पहिली गाडी कितीची, परत कितीची, आणि रविवारी असतीय का. बाईंनी सगळं नीट सांगितलं आणि बुट्टीतली एक भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. इतक्या पुरांमध्ये केंद्राचं अन्न त्यांनी खाल्लं ते तेवढंच.

कादंबरी अजून संपलेली नाही. शेवटचं प्रकरण बाईंनी नापास केलं, त्यामुळं ते पुन्हा लिहायला घेतलं आहे आणि दर रविवारी माळावर वाचून दाखवलं जातं. बाईंच्या हरकती काही कमी झालेल्या नाहीत. लग्नबिग्न कुणी केलेलं नाही, तसा विषयही नाही. पावणे सकाळच्या गाडीनं जातात आणि संध्याकाळच्या गाडीनं येतात. परवाच्या पुरात मी सवयीनं दोन दिवस आधी चौथी ब झाडून ठेवली होती. पाणी चढलं, माणसं आली, खिडकीजवळच्या बाकावर कुणीतरी ओले कपडे वाळत घातले. संध्याकाळी पाचला चहा झाल्यावर सगळे आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. मी पावण्यांना फोन लावला. ते माळावर होते, मागं म्हैस ओरडत होती. बंधाऱ्यावर किती फूट आहे हे त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगितलं, तर म्हणाले, व्हय का. त्या माणसाचं भलं झालं याचा मला मनापासून आनंद आहे, तो मी कुणालाही शपथेवर सांगेन. पण फोन ठेवल्यावर मी चौथी ब च्या दारात बराच वेळ उभा होतो, आणि शिपायानं काय झालं सर म्हणून विचारलं तेव्हा, वारं कुठून येतंय ते बघतोय, एवढंच मला सांगता आलं.